पाचपान इलेव्हनचा इतिहास

अकरापैकी दहा नावं वाचून झाली, राखीव दोघांची झाली, मैदानावर पाणी घेऊन धावणाऱ्या म्हाताऱ्याचंही झालं आणि शालीकरामनं वहीचं पान उलटलं, तेव्हा शामकलाच्या हातातली कैची तेंदूच्या पानावरच थांबली. ती मान वर न करता ऐकत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. हात आपोआप चालत होते आणि मन नावं मोजत होतं. खरगपूरचा घोष झाला. कामठीचे दोघे भाऊ झाले. रायपूरचा लंगडत लंगडत पळणारा, पण पायाला बॉल लागला की कुणाला न सापडणारा सेंटर-फॉरवर्ड झाला. ज्याच्या नावासाठी तिनं सकाळीच ओसरी सारवून ठेवली होती, ते मात्र आलं नाही.

"भाऊजी," ती हळू म्हणाली, "एक नाव राहून गेलं वाटते."

शालीकराम पाचपान छाप बिडी कारखान्याचा कारकून होता. यंदा १९५९ साली कारखान्याला पंचवीस वर्षं होत होती. त्या निमित्तानं निघणाऱ्या पुस्तकात सेठजींच्या फुटबॉल टीमचा इतिहास लिहायचं काम त्याच्याकडे आलं होतं. तो तिच्याकडे न पाहता पेनाचं टोपण लावू लागला. "राहिलं नाही, वहिनी. असंच हाय ते."

"असंच म्हंजे?"

"सेठजी बोलले, गोलकीपरच्या जागी फक्त 'स्थानिक खेळाडू' लिहा."

"अना बाकीचे का आभाळातून पडले होते?"

शालीकराम कसनुसा हसला. "माह्यावर कायले रागावता? मी लिहिणारा माणूस. पुढचं ऐका." आणि त्यानं कोर्टातल्या आवाजात वाचलं: "सन १९५३च्या अंतिम सामन्यात आपल्या संघाचा अनपेक्षित पराभव झाला. त्याविषयी लोकांत जे बोलले गेले, त्याची शहानिशा होऊ शकली नाही." मग तो खाकरला, आणि ज्या कामासाठी आला होता ते त्यानं सांगितलं. समारंभात काचेच्या पेटीत टीमच्या वस्तू ठेवायच्या होत्या. कप होता, फोटो होता, एक बॉलही सापडला होता. जर्सी मात्र एकही नव्हती. बाहेरगावचे खेळाडू आपापल्या घेऊन गेले. उमरावभाऊंची तेवढी असेल.

"नाव नाही, अना गंजी पायजे," शामकला म्हणाली. आवाज तिचा कधीच चढत नसे. हे वाक्यही तिनं आरतीचं तबक पुढे करावं तितक्या सावकाश पुढे केलं. शालीकरामनं वही बगलेत मारली. "गंजी टीमची हाय ना, वहिनी. पाचच्या भोंग्यानंतर येतो घेवाले. प्रेसवाला उद्या सकाळी कागद नेऊन राहिला, त्याच्या आत काही सांगायचं असंन तं सांगजा." फाटकापाशी थांबून त्यानं विचारलं, "हाय ना पण घरी?" तिनं मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिलाही ठरवता आलं नसतं.

जर्सी घरात होती. माळ्यावर, बियाण्याच्या डेऱ्यामागे, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं एक गाठोडं होतं, आणि सहा वर्षांपूर्वी ते तिथे ठेवताना तिचा नवरा उमराव म्हणाला होता, "याले हात नोको लावजो." एवढंच. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. न विचारण्याची सवय तिला होती; देवालाही ती कधी कारण विचारत नसे. पण न विचारलेली गोष्ट काही गप्प बसत नाही. दिवाळीला माळा झाडताना तिचा झाडू डेऱ्यापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. गाठोड्यात नुसती जर्सी नाही, असं तिला पहिल्या दिवसापासून वाटत आलं होतं. गाठोडं गंजीच्या मानानं जाड दिसायचं. कधी कधी, दिवा लावून डोळे मिटले की महादेवाच्या पिंडीऐवजी तेच डोळ्यांपुढे यायचं, आणि त्याच्या आत काहीतरी कुरकुरीत, कागदासारखं, घडी घातलेलं असायचं.

सूप तिनं बाजूला ठेवलं. आज पानं वाकडीच कापली जात होती. गोंदियाच्या या मोहल्ल्यात दुपारी सगळीकडे एकच आवाज असतो, कैच्यांचा. घराघरातून बाया पानं कापत बसलेल्या, आणि मधूनच जंक्शनवरून इंजिनाची शिट्टी. अंतिम सामन्याचा तो रविवारही असाच होता, जानेवारीचा, थंड. फक्त त्या दिवशी कैच्या बंद होत्या, कारण सगळं गाव मैदानावर होतं. तीच एकटी घरी होती. तिला खेळातलं फारसं कळत नसे. सेठजींनी अठ्ठेचाळीस साली टीम काढली, बाहेरून खेळणारे आणले, त्यांना बिडी तपासणारे म्हणून नोकऱ्या दिल्या. एकानंही कधी बिडी तपासली नाही; सकाळ-संध्याकाळ बॉल लाथाडायचा आणि पगाराला रांगेत उभं राहायचं, याचंच बायांना मोठं हसू यायचं. उमराव एकटाच इथला, चिचगडकडचा. वडील-आजे तलावाच्या पाळी, मातीचे बांध, घालण्यात हयात घालवलेले. याला मात्र शेतापेक्षा छपरांचा नाद. कारखान्याच्या शेडवर कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचं काम चाललं होतं. खालून माणूस कवेलू भिरकावायचा आणि हा वर आड्यावर बसून झेलायचा. एका हातात झेलून दुसऱ्या हातानं लावायचा, खाली पाहायचाही नाही. मनिराम मुकादमानं खालून पाहिलं, मुद्दाम चार कवेलू वाकडेतिकडे फेकून पाहिले. चारही झेलले गेले. "अरे बापा, उतर खाली," मनिराम म्हणाला, "तुले देवानं छपरासाठी नाही बनवलं." पाच वर्षं त्या हातांतून काही सुटलं नाही. लोक म्हणायचे, उमरावच्या हाताला डिंक आहे.

आणि मग जबलपूरच्या टीमविरुद्धचा तो सामना. ती घरात बसून मैदानाचा आवाज ऐकत होती. आवाज वाढायचा, ओसरायचा. मग एकदा तो वाढत गेला आणि मध्येच कुणी तोंडावर हात ठेवावा तसा थांबला. ती उठून उभी राहिली होती. काही पडलं, असं तिला वाटलं होतं. उमरावच पडला, मेला, असंही क्षणभर. नंतर शेजारच्या धुरपतानं सांगितलं. धुरपता पुढच्या रांगेत दोरीपाशी बसली होती. "काही नव्हता वं तो बॉल. पोट्ट्यानं फेकलेला लिंबू परवडला. वरतून हळूहळू आला, याच्या दोन्ही हातात आला, अना मंग मागं गेला. हातात येऊन गेला, शामकला!" धुरपतानं हे 'हातात येऊन' असं काही म्हटलं की त्यातच सगळं आलं. दुसऱ्या दिवशी बाजारात हलवायानं विचारलं, "क्यों उमराव, कितने में?" तिसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही; सगळ्यांना उत्तर माहीत झालं होतं. सेठजींनी त्याला काढलं नाही. गोदामात तेंदूची पोती मोजायला बसवलं, ते काढण्यापेक्षा वाईट. दोन वर्षांनी टीमच मोडली.

लोकांचं ऐकून ती बिथरली नसती. पण तिच्याजवळ तिचे स्वतःचे पुरावे होते, लोकांना ठाऊक नसलेले. सामन्याच्या आदल्या दिवशी कोट घातलेला एक परका माणूस दाराशी आला होता, उमरावशी हिंदीत बोलला होता, त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसला होता. हा एक. गाठोडं हा दुसरा. आणि तिसरा, ज्यानं तिची खात्री पटली, तो दिव्याचा. लग्नानंतर तिनं नेम धरला होता: सकाळ-संध्याकाळ महादेवापुढे मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाचा दिवा, त्यात कापराची चिमूट. दिवा शांत झाला की उरलेलं तेल ती उमरावच्या तळव्यांना लावायची. रोज संध्याकाळी, खेळून आल्यावर. बॉलच्या चामड्यानं त्याचे तळवे फाटायचे, थंडीत तर रक्त यायचं. तो दोन्ही हात पुढे करून मुलासारखा बसायचा. त्या रविवारी संध्याकाळी ती तेलाची वाटी घेऊन गेली आणि त्यानं हात मागे घेतले. "नोको," म्हणाला. दुसऱ्या दिवशीही नोको. मग कधीच नाही. देवाच्या दिव्याचं तेल जो हाताला लावू देत नाही, त्या हातांनी काय केलं असेल? तिनं त्याला शब्दानंही विचारलं नाही. त्याच महाशिवरात्रीला नागऱ्याच्या महादेवापुढे तिनं भात सोडला. धानाच्या मुलखात भात सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला नाही कळायचं. "नवस हाय," एवढंच ती सांगायची. त्याच्या ताटात भात वाढायची, स्वतः जवारीची भाकर कोरडी मोडायची, आणि मनात म्हणायची, हे ह्यांच्या हातांचं पाप, फिटू दे. सहा वर्षं. तो तिच्या ताटाकडे बघायचा आणि मान खाली घालायचा, आणि तीही तिला खूणच वाटायची.

शिडी लावून ती माळ्यावर चढली. आज हक्क होता; कारखान्यानं जर्सी मागितली होती. तरीही डेऱ्यामागे हात घालताना तिनं मागे वळून पाहिलं, जणू उमराव गोदामातून बघतो आहे. गाठोडं हलकं निघालं. तिनं ते ओसरीवर उजेडात आणलं आणि गाठ सोडायला घेतली. गाठ आवळलेली होती, दातांनी सोडवावी लागली. आत कागद नव्हता. काही नव्हतं, फक्त जर्सी: फिकट पिवळी, सुती, छातीवर पाच पानांचा शिक्का. तिनं ती झटकली, बाह्या पाहिल्या, उलटी करून शिवणी चाचपल्या. स्वतःचीच लाज वाटली, पण बोटं थांबली नाहीत. मग तिच्या लक्षात आलं की जर्सी धुतलेली नाही. कॉलरला घाम वाळून पांढरा झाला होता, कोपरांवर मैदानाची माती होती. आणि पोटाशी, शिक्क्याच्या खाली, दोन काळपट डाग होते. एक उजवीकडे, एक डावीकडे. पाच-पाच बोटांचे. कुणीतरी दोन्ही तळवे पुन्हा पुन्हा तिथे पुसले होते. इतक्यांदा, इतक्या जोरानं, की सूत तिथे विरळ झालं होतं. डागांत माती घोटली गेली होती, म्हणजे त्यानं आधी जमिनीवर हात घासले असतील, मग पुन्हा पुसले असतील. तिनं जर्सी नाकाशी नेली. सहा वर्षांच्या कोंदट वासाखालून तो आला, तिच्या रोजच्या सकाळ-संध्याकाळचा वास. मोहाच्या टोळीचं तेल. आणि अगदी थोडा, असल्या-नसल्यासारखा, कापूर.

ती ओसरीवर तशीच बसून राहिली. समोरच्या घरातल्या कैचीचा आवाज चालू होता. टोळीचं तेल थंडीत तुपासारखं थिजतं. पाण्यानं निघत नाही, मातीनं निघत नाही. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? सामना तीनला होता. पहिल्या अर्ध्यात त्याच्याकडे बॉल आलाच नाही, असं धुरपता म्हणाली होती. तेवढा वेळ तो खांबांमध्ये उभा राहून हात पुसत होता. कुणाला दिसलं नाही. दिसलं असेल तर वाटलं असेल, थंडीनं चोळतो आहे. आणि घरी आल्यावर तिनं वाटी पुढे केली, तेव्हा त्यानं हात मागे घेतले. सांगितलं नाही. तुझ्या दिव्यानं मला बुडवलं, असं तो एकदाही म्हणाला नाही. चोर ठरला आणि तेल लपवलं. तिचा देव झाकून ठेवला माळ्यावर, डेऱ्यामागे.

इतकं कळल्यावर तिला रडू यायला हवं होतं. ते येईना. कारण त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी येत होतं, आणि ते ओळखीचं होतं. इतकी वर्षं जो संशय उमरावच्या अंगावर बसलेला तिनं पाहिला होता, तो आता उठून तिच्या अंगावर येत होता. तेल संध्याकाळी लावायचं असे. खेळून आल्यावर. मग त्या दिवशी दुपारी का लावलं? तो निघाला होता, उंबऱ्यात होता, "उशीर होऊन राहिला वं," म्हणत होता. तिनंच अडवलं. दिवा तोवर जळतच होता. तिनं तो फुंकरीनं नाही, पदरानं शांत केला आणि सगळं तेल, अर्ध्या वाटीहून जास्त, त्याच्या तळव्यांवर ओतून मनगटापर्यंत चोळलं. "देवाचं हाय, नाही म्हणू नोका." त्यानं नाही म्हटलं नाही. आणि कोटवाला? कोटवाला कशाला आला होता, हे तिला तेव्हाच माहीत होतं. उमरावनंच सांगितलं होतं, डोळे चमकत होते त्याचे. कलकत्त्याच्या मोठ्या टीमचा माणूस होता. उद्या नीट खेळलास तर चल, म्हणाला होता. कलकत्ता. तिनं कलकत्ता पाहिलं नव्हतं. ज्या गाड्या तिकडे जातात त्यांची शिट्टी मात्र रोज ऐकली होती. इतकं सगळं ठाऊक असताना तो माणूस पैसे द्यायलाच आला होता, असं तिला कधीपासून वाटायला लागलं? कुणी सांगितलं? धुरपतानं नाही. धुरपताला तर कोटवाला माहीतच नव्हता.

त्या सकाळी दिव्यापुढे तिनं काय मागितलं होतं, ते आठवू नये म्हणून ती उठली. चुलीपाशी गेली, परत आली. आठवलंच. जिंकू दे, असं ती म्हणाली नव्हती. ह्यांना इथंच ठेव, असं म्हणाली होती. पण मागणं वेगळं आणि हात वेगळे, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. मागणं देवाजवळ होतं, तेल फाटलेल्या तळव्यांसाठी होतं. ते रोजचं होतं. फक्त वेळ चुकली. वेळ चुकली, इतकंच. हे ती दोनदा मनात म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिला आपलाच आवाज शालीकरामच्या वहीतल्या वाक्यासारखा वाटला: शहानिशा होऊ शकली नाही. आणि त्यानं हे सगळं सहा वर्षं गाठोड्यात बांधून ठेवलं, धुतलं नाही, फेकलं नाही. झाकायला ठेवलं, की पुरावा म्हणून ठेवलं? तिच्या कोरड्या भाकरीकडे बघून तो मान खाली घालायचा, ती लाजेनं की मनातला एक प्रश्न दिसू नये म्हणून? ज्या घरात तिला वाटत होतं की संशय घेणारी आपण एकटीच आहोत, तिथे दोघं जण समोरासमोर बसून जेवत होते की काय?

भोंगा झाला. पाच वाजले. ती हातपाय धुऊन दिवा लावायला बसली, रोजच्यासारखी. तेल ओतताना धार चुकली आणि तळव्यावर सांडलं. जर्सी ओसरीवर तशीच पडून होती. आधी शालीकराम आला, आणि त्याच्या मागोमाग, सायकल भिंतीला टेकवत, उमराव. उमरावची नजर आधी जर्सीवर गेली, मग माळ्याला लावलेल्या शिडीवर.

"वा, सापडली तं!" शालीकराम वाकला.

"मैली हाय ते," उमराव घाईघाईनं म्हणाला आणि जर्सी उचलून त्यानं चोळामोळा करून काखेत धरली. "धुऊन देतो उद्या."

"अशीच द्या," शामकला दारातून म्हणाली.

"तू चूप राय वं."

"अशीच द्या. अना भाऊजी, वही काढा. गोलकीपरचं नाव उमराव, हे पयले लिहा. मंग लिहा का त्या दिवशी त्याच्या घरच्या बाईनं खेळाले जाताना त्याच्या हाताले दिव्याचं तेल चोपडलं होतं. टोळीचं. अर्धी वाटी. त्यानं बॉल हातातून गेला. पटत नसंन तं गंजी सुंगून पाहा."

शालीकराम एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागला. "वहिनी, असं छापलं तं लोक हासतील."

"हासू द्या ना. सहा वर्सं थुकलेच का नाही?"

"शालीकराम, लिहू नोको," उमराव म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की ते हुकूम वाटलं नाही, विनवणी वाटली. "बाईमाणूस हाय. देवाधर्माचं हाय. गावभर होईन."

शालीकरामनं पेन काढलं, टोपण काढलं, आणि उभ्या उभ्या, भिंतीला वही टेकवून काहीतरी लिहिलं. किती लिहिलं ते कळायला मार्ग नव्हता. मग त्यानं हात पुढे केला. उमराव जर्सी सोडेना. दोघांनी ती धरलेली होती, एक ओढत नव्हता, एक देत नव्हता. शेवटी उमरावची बोटं आपसूक सैल झाली. शालीकरामनं घडी घातली, डाग आत गेले. "सेठजींले दाखवतो," तो म्हणाला. "मी लिहिणारा माणूस." आणि गेला.

आता तो विचारेल, असं तिला वाटलं. तिनं चौकट धरली. विचारलं तर काय सांगायचं, ते तिनं दुपारभर जुळवलं होतं, आणि ऐन वेळी त्यातलं काही उरलं नव्हतं. मुद्दाम लावलंस का, असं त्यानं विचारलं तर ती फक्त म्हणणार होती की मला ठाऊक नाही. तेच खरं होतं. उमराव खाटेवर बसला. जंक्शनवर गाडी लागली असावी. शिट्टी झाली, एक लांब, एक आखूड. दोघांनीही ती ऐकली. ती गाडी कुठल्या बाजूला जाणारी होती, ते दोघांनाही ठाऊक होतं. तो आपल्या रिकाम्या तळव्यांकडे बघत होता, तेंदूच्या पोत्यांनी राठ झालेल्या, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिथे प्रश्न होता की नव्हता, ते तिला वाचता येईना. पूर्वी सगळं वाचता यायचं.

"भात मांडला का?" त्यानं विचारलं.

"मांडतो."

"दोघांचा टाकजो." आणि तळव्यांकडेच बघत, "ज्याच्यासाठी सोडला होता, ते तं नव्हतंच."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. तिचं ताट, तिचा नवस, तिचा महादेव. ती आत गेली, मडक्यात हात घातला. तळव्याला मघाचं तेल होतं. एका माणसाचे तांदूळ सुपलीत पडले. दुसऱ्या माणसासाठी मूठ भरली आणि ती उघडून पाहिली, तर दाणे सुटेनात. तेलकट हाताला ते चिकटून बसले होते, मोजता येतील इतके. ती ते झटकेना, धुवेना. बाहेर खाट करकरली; तो उठून दारात येऊन उभा राहिला होता, आणि ती पाठमोरीच, मूठ तशीच धरून, त्यानं तो एक प्रश्न विचारायची वाट पाहत राहिली.